क्वार्टरच्या ओट्यावरचं अर्थशास्त्र

आमच्या घरी एक नियम आहे. ओट्यावर पगार, घर आणि देश या विषयांवर बोलणं सुरू झालं, की मुलींनी चहा ठेवून आत जायचं. का, ते विचारायचं नाही! मी आत जाते, पण दाराआड थांबते. त्यामुळे किस्से इतके साठलेत, की बी.ए.ला अर्थशास्त्र उगाच घेतलं असं वाटतं.

ओट्यावर तिघं असतात. सरकारी कचेरीत हेडक्लार्क असलेले माझे वडील, म्हणजे अण्णा. रिटायर झालेले हेडमास्तर तात्या. आणि देवळाली प्रवऱ्याचे ऊसवाले बापूकाका, अण्णांचे शाळासोबती. सध्या चर्चा एकच. अण्णा लवकरच रिटायर होणार, क्वार्टर सोडावं लागणार, म्हणून केडगावला घर बांधायचं. कर्ज काढायचं माझ्या बँकेतल्या पगारावर!

*

सरकारी नोकरांचा संप झाला तेव्हा तात्या नुसते पेटले होते. "खुर्च्या उबवायचा पगार! यांनीच देश बुडवला!"

पुढच्याच आठवड्यात स्वतःच्या धाकट्या मुलीसाठी स्थळं बघायला निघाले. अण्णांनी विचारलं, "कसा मुलगा हवा?"

"सरकारी नोकर असला, तर पत्रिकासुद्धा बघणार नाही!"

*

बापूकाकांचा देश तर रोज बुडतो. "लई वंगाळ दिवस आलं. रुपायाला किंमत न्हाई ऱ्हायली." आणि घरावर दुसरा मजला चढवतायत!

मी दाराआडून विचारलंच, "काका, देश बुडतोय तर मजला कशाला?"

"म्हनून तर, पोरी! नोटांचा कागुद हुईल, इटा इटाच ऱ्हात्याल!"

अण्णांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मी कप उचलले.

*

अण्णांचा जन्म क्वार्टरमध्ये गेला. भिंत सरकारची, म्हणून आमच्याकडे एक खिळा नाही. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं.

बापूकाकांच्या नव्या मजल्यावर आम्ही गेलो, तेव्हा काका भिंतीत खुंटी ठोकत होते. अण्णा दचकलेच. "बापू, परवानगी घेतलीस?"

"कुनाची? बायकूची? तिनंच हातोडा दिला!"

*

माझा पहिला पगार झाला, तेव्हा तात्यांनी आकडा विचारला. मग म्हणाले, "मुलींना एवढे पगार! महागाई वाढेल नाही तर काय!"

"तात्या, अर्धा पगार परत करते. ज्वारी स्वस्त करून दाखवा!"

आई आत पदर तोंडाला लावून हसत होती.

*

परवाच्या रविवारी घराचा नकाशा ओट्यावर पसरला. तात्यांनी अक्षता टाकल्यासारखं जाहीर केलं, "घर सुरेशच्या नावावर. कर्जाचे कागद सुमनच्या. तिनं सही केली की झालं."

सुरेश माझा भाऊ. पुण्याला शिकतो, म्हणजे निदान राहतो तरी.

मी बाहेर आले. "घर त्याचं आणि हप्ते माझे?"

"मुलगी परक्या घरची असते," तात्या म्हणाले.

"आणि तिचा पगार?"

"पोरगी बराबर इचारती," बापूकाका पुटपुटले.

अण्णांनी पेन पुढे केलं. "सुमे, वाद नको. सही कर."

"घरावर माझं नाव लागणार नसेल, तर करणार नाही."

"अगं, मग क्वार्टर सुटल्यावर आम्ही राहायचं कुठं?"

"मी बांधीन त्या माझ्या घरात, अण्णा. भाडं घेणार नाही!"

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बापूकाकांनी तपकिरीची चिमूट नाकापर्यंत नेली आणि तिथंच धरून ठेवली. अण्णांच्या हातातलं पेन तसंच उघडं होतं.