निळ्या नळ्यांच्या बाई

डॉक्टरीणबाई कुणाच्याही घरी गेल्या, की पाणीसुद्धा न घेता विचारायच्या, "तुमचे मामा कसे गेले?" मामा जिवंत असला तर माणसं दचकायची, गेलेला असला तर जास्तच. घिवलीला आमच्या ओट्याशी त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा आय बोंबील वाळत घालत होती. प्रश्न ऐकून तिचा हात तिथेच थांबला.

माझा मामा तापात गेला होता. हिवतापाच्या गोळ्या घेतल्या, डोळे पिवळे झाले, लघवी कोळशासारखी काळी झाली आणि खेळ आटोपला. गावाकडे कारण तयार होतं. नारळी पौर्णिमेचा नारळ दर्याला देण्याआधीच त्यानं होडी पाण्यात घातली होती. "दर्यानं रगत काला केला त्याचा," आय म्हणायची.

साठच्या दशकातली ही गोष्ट. तारापूरकडून अणुवीज केंद्राच्या बांधकामाच्या सुरुंगांचे आवाज यायला लागले होते. बाई मुंबईच्या एका प्रयोगशाळेतून आलेल्या, पांढरं पातळ, पायांचा आवाज नाही. दारात कधी उभ्या राहिल्या ते कळायचंही नाही. मी चार बुकं शिकलेली, म्हणून त्यांना घरोघर न्यायचं माझ्याकडे आलं. "बापाचं कुळ मला नको," त्या म्हणायच्या, "आईच्या बाजूनं सांगा." त्यांचं म्हणणं असं, की काही घराण्यांच्या रक्तात जन्मापासून एक उणीव असते. एरवी माणूस धडधाकट. पण ती गोळी पोटात गेली की रक्त फुटतं. उणीव आईकडून येते आणि भोगतात बहुधा मुलगे. मामाचा मृत्यू त्यांना म्हणून हवा असायचा.

पुरुषांचं रक्त काचेच्या नळीत घेऊन त्या त्यात निळा रंग घालायच्या आणि नळ्या आमच्या ओट्यावर कोमट पाण्यात ठेवायच्या. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाहावं तसं पाणी कोपरानं पाहायच्या. "घाई नको. निळं जाऊ दे." बहुतेकांचं निळं विरून तांबडं उरायचं. ज्यांच्या रक्तात ती उणीव, त्यांचं जायचंच नाही. त्या नळ्यांकडे मी बघायचंच टाळायचे, खोटं कशाला सांगू! माझ्या भावाची, भास्करची नळी निळीच राहिली. शेजारच्या हरीचीही.

"ह्या दोघांना त्या गोळ्या देऊ नका," बाईंनी बजावलं. हरी हसला. पुढे ताप आला तेव्हा त्यानं गोळ्या घेतल्या, आणि बाईंनी सांगितलं होतं तसंच सगळं होत गेलं. डोळे पिवळे, लघवी काळी. हरी गेला.

आता बाईंचं म्हणणं सिद्ध झालं असं तुम्हाला वाटेल. गावाला उलटंच वाटलं. "ती बगते त्याचं निलं ऱ्हाते, आन् निलं ऱ्हाते तो जाते." आम्ही वाटेनं निघालो की बायका पोरांची तोंडं पदराखाली घ्यायच्या.

त्यातच भास्कर तापानं फणफणला. आयनं गोळ्या आणल्या. बाई उंबऱ्याबाहेर उभ्या. आय त्यांना आत येऊ देईना. त्यांनी रक्ताचं सांगितलं, मामाचं सांगितलं, दुसरं औषध पुढे केलं.

"तूच घातलास निला त्याच्या रगतात! आता गोली पन देऊ नको सांगतेस? मारतेस काय माज्या पोराला?" आयनं गोळी भास्करच्या ओठांशी नेली. मी तिचा हात धरला, तिनं मला झिडकारलं.

बाई एकदम शांत झाल्या. इतक्या थंड आवाजात त्यांना बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. "हो. माझीच नजर आहे. ती गोळी दिलीत तर हा हरीच्या मागे जाईल. माझं औषध दिलंत तर नजर काढून घेते."

आयच्या हातून गोळी पडली.

बाईंच्या औषधानं भास्कर बरा झाला. आयनं बाईंची ओटी भरली आणि पाया पडून म्हणाली, "बाय, परत येऊ नको." कारण शोधायला आलेल्या बाईंना त्यानंतर गावात कुणी रक्ताचा थेंब दिला नाही. बोईसरच्या गाडीपर्यंत त्यांना पोचवायला मी एकटीच होते. मला रडू आवरेना. त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्याही मुलात उतरू शकेल. सांभाळ."

पुढे मी एडवणला नांदायला गेले, मुलगा झाला. त्याला पहिल्यांदा ताप आला आणि सासूबाई त्याच गोळ्या घेऊन आल्या, तेव्हा मी रक्ताचं खूप समजावून पाहिलं. त्यांनी गोळी द्यायला पाण्याचा पेला भरला.

डॉक्टरीणबाईंच्या नजरेची गोष्ट एडवणलाही पोचलेली होती. मग मी त्यांचं नाव घेतलं आणि म्हणाले, त्यांची नजर आहे ह्याच्यावर. सासूबाईंनी गोळ्या चुलीत टाकल्या.