मराठीत बोलायचं नाही

नवऱ्याने मुलीला पट्ट्याने मारलं. शाळेत बाईंना तिच्या पाठीवरचे वळ दिसले आणि त्याच दुपारी काउंटीची, म्हणजे इथल्या अमेरिकन जिल्हा सरकारच्या बालसंरक्षण खात्याची, माणसं तिला परस्पर घेऊन गेली. कोर्ट मला म्हणालं, तुम्ही तिला वाचवलं नाहीत. ती परत हवी असेल तर नवऱ्यापासून वेगळं राहा. मी लगेच आमच्याच गावात, सांता क्लारातच, दुसरं घर भाड्याने घेतलं.

सासूबाईंचा फोन आला. "एका चापटीपायी संसार मोडतेस?"

"चापट नव्हती," म्हणून मी फोन ठेवला. त्यांचा फोन पुन्हा उचलला नाही.

मुलीला कुणा अनोळखी बाईच्या घरी ठेवलं होतं. तिला भेटायचं ते काउंटीच्या खोलीत, सोशल वर्करच्या देखत. पहिल्या भेटीत मी तिला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "जेवतेस ना गं नीट?"

"इंग्लिशमध्ये बोला," सोशल वर्कर म्हणाली. "मला कळलं पाहिजे."

"तुम्हाला कळावं म्हणून मी पोटच्या पोरीशी परक्यासारखं बोलू?"

"नाहीतर भेट थांबवावी लागेल."

मी मराठीतच बोलत राहिले. तिने भेट थांबवली. पोर रडत गेली.

माझी वकीलबाई म्हणाली, "वाद नको, कोऑपरेट करा." मी तिलाही सुनावलं. दुभाषी मागितला तर हिंदीचा पाठवला. "जवळपास सारखंच ना?" सोशल वर्करने विचारलं. मी त्याला दारातूनच परत पाठवलं आणि पुढच्या सुनावणीत जज्जबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मराठी दुभाषी द्यायला लावला. नागपूरकडच्या एक काकू आल्या आणि माझं वाक्य न् वाक्य सोशल वर्करला इंग्रजीत सांगत बसल्या. मुलगी मात्र तोवर फक्त इंग्रजीत उत्तरं देऊ लागली होती.

शेवटी कोर्टाने तिला माझ्याकडे सोपवलं. सोशल वर्करने अभिनंदनासाठी हात पुढे केला. मी तो घेतला नाही.

घरी आल्यावर मी अंघोळ घालायला गेले, तर मुलीने बाथरूमचं दार आतून लावून घेतलं.

"डोन्ट टच माय बॅक," ती आतून म्हणाली.

"नाही लावत हात. दार तरी उघड."

"बाबा येणार आहे का इथे?" हे तिने मराठीत विचारलं.

"नाही."

कडी काही निघाली नाही. नळ सुरू झाला. मी दाराला पाठ लावून जमिनीवर बसले आणि ती बाहेर येईपर्यंत तिथेच बसून राहिले.