श्रीखंडाचे पाच डबे

आमच्या साडूंइतका हट्टी माणूस पुण्यात दुसरा नाही, आणि हे मी पुण्यात राहून लिहितोय, तेव्हा विधानाचं वजन ध्यानात घ्यावं. खराडीला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, ज्याला त्याला संगणकापुढे बसवायला कंपन्या टपल्या होत्या, तेव्हा हे गृहस्थ एका तपासणी केंद्रातलं एमआरआय यंत्र सांभाळत होते. भरभक्कम पगाराची नोकरी चालून आली, तर "मला काम आहे," म्हणून यांनी फोन ठेवला. काम काय, तर शरीराच्या कुठल्या भागातून वीज किती सहज वाहते, याचं चित्र एमआरआयमधून काढायचं. सुई टोचायची नाही, बाहेरून वीज सोडायची नाही. खारटपणा जास्त असेल तिथे वीज सहज वाहते आणि यंत्राच्या रेडिओलहरी किंचित रेंगाळतात, ते रेंगाळणं मोजायचं. एखादी गाठ साधी की वाईट, हे त्यावरून न कापता कळेल, अशी त्यांना आशा होती. केंद्राचे डॉक्टर म्हणत, "अहो, परदेशातल्यांना अजून जमेना, तुम्हाला जमणार?" साडू म्हणत, "त्यांनी मला विचारलं नव्हतं."

यंत्राच्या खोलीत लोखंड चालत नाही, म्हणून कुठल्याही दारात शिरताना किल्ल्या, घड्याळ आणि पट्टा काढून ठेवायची त्यांना सवय जडली होती. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी एका हाताने अक्षता टाकल्या आणि दुसऱ्या हाताने पँट सावरली. बुधवार पेठेत तांब्याची तार घेताना दुकानदाराने "कशाला हवी?" असं विचारलं, तर भर गर्दीत त्याला अर्धा तास विज्ञान ऐकावं लागलं. रविवारचे पोहे मात्र तेच करत. खारटपणावर आयुष्य ओवाळून टाकलेल्या या माणसाला पोह्यांत मीठ घालायचं कधी आठवत नसे. ताई, म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण, चव बघून गुपचूप मीठ घालत. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं.

अखेर डॉक्टर कंटाळून म्हणाले, "एक रविवार यंत्र घ्या. पटलं तर पुढे चालू, नाहीतर पुन्हा नाव काढायचं नाही." साडूंनी चायना ग्रासची जेली शिजवली आणि श्रीखंडाच्या पाच रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यांत ओतली. पहिल्या डब्यात मीठ अजिबात नाही, पुढे चढत्या क्रमाने. रिक्षात दोन डबे मी मांडीवर धरले होते.

चित्र आलं. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत डबे नीट चढत गेले होते. बिनमिठाचा पहिला मात्र सगळ्यांत खारट दिसत होता. डॉक्टर हसले.

"चित्र बरोबर आहे," साडू म्हणाले. "डबा चुकलाय."

त्यांनी झाकण काढून बोट चाटलं. डबा खारटच निघाला.

"म्हणजे मीठ घालून तुम्हीच विसरलात," डॉक्टर म्हणाले. "आपल्या डब्यात काय आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या चित्रावर कुणी विश्वास ठेवायचा?"

"मी मीठ घातलेलं नाही!"

मी त्यांची बाही ओढली, त्यांच्या बाजूने एक शब्द बोललो नाही. ते मला अजून लागतं.

घरी सगळं ऐकून ताई म्हणाल्या, "अहो, तो डबा अळणी लागला. मला वाटलं, नेहमीसारखे विसरलात. गरम होतं तोवर चमचाभर घालून ढवळलं."

आता साडू घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. पण त्यांनी वही ओढली. "चमचा सपाट, की शीग लावून?"

"शीग लावून."

त्यांनी आकडेमोड केली. चित्राशी ती तंतोतंत जुळली. मी म्हटलं, "उठा, डॉक्टरांना सांगू." तर म्हणाले, "बायकोला पुढे करून मी यंत्र मागणार नाही. तिला हसतील ते." मी पुष्कळ विनवलं. ते हलले नाहीत, आणि यंत्र पुन्हा मिळालं नाही.

पुढे परदेशात अशी चित्रं निघू लागल्याचं त्यांनी वाचलं. "बघा, जमतं," एवढंच म्हणाले. आता ते निवृत्त झालेत. त्या पाच डब्यांचं चित्र स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवर लावलेलं आहे, कडेने पिवळं पडलंय. परवाच्या रविवारी मी गेलो, तर पोहे अळणीच होते. ताईंनी बरणी काढली आणि विचारलं, "घालू का?"

"घाल," साडू म्हणाले, "पण किती ते सांग."

ताईंनी बोटाने चमचा सपाट केला आणि सांगितलं.