अकरा नंबरचा लाड

दाजी आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी आल्या आल्या माझ्या वडिलांना दोन बोटं डावीकडे सरकवलं.

नमस्कार ना चमत्कार. ताई दारातून "बाबा, हे..." एवढंच म्हणाली, आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या उंच, किडकिडीत गृहस्थांनी छताच्या दिव्याकडे पाहिलं, खाली बसलेल्या बाबांकडे पाहिलं, एक डोळा मिटला आणि खुर्चीसकट बाबांना सरकवलं. आमचे बाबा म्हणजे काही ऐरेगैरे नव्हेत. सरकारं आली नि गेली, पण ते आपल्या मतावरून आणि आपल्या खुर्चीवरून कधी तसूभर हलले नव्हते. त्या दिवशी हलले. आई चहाचा ट्रे घेऊन जागच्या जागी थिजली. भिंतीवरचं घड्याळ, शपथेवर सांगतो, बंद पडलं. जन्मल्यापासून भुंकत आलेला शेजाऱ्यांचा कुत्रा गप्प झाला.

"आता बरोबर दिव्याखाली आलात," दाजी म्हणाले.

बाबांनी वर पाहिलं. खरोखरच बरोबर दिव्याखाली होते.

"काय करतो हा?" त्यांनी ताईला विचारलं.

"हेच," ताई म्हणाली.

निघेपर्यंत दाजींनी तीन तसबिरी सरळ केल्या, सतरंजी भिंतीला समांतर आणली आणि माझ्या नाकावरचा चष्मा स्वतःच्या हाताने नीट बसवला. माझं नाकच मुळात वाकडं आहे हे त्यांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा इतका पडला की मलाच अपराध्यासारखं झालं. आणि ताईने या माणसाशी लग्न केलं!

"हेच" हे उत्तर मात्र शंभर टक्के खरं होतं. दाजी ज्या संस्थेत होते तिथे जमिनीखाली एक मोठी गोल रिंग आहे. मनगटाएवढ्या जाडीची नळी, आतली हवा पार काढून टाकलेली, आणि त्या पोकळीत इलेक्ट्रॉनांचा एक केसासारखा बारीक झोत तासन् तास गरागरा फिरत असतो. त्याला सगळे बीम म्हणतात. फिरता फिरता तो प्रकाश फेकतो, आणि त्या प्रकाशात नाना प्रकारचे संशोधक आपापली चिमूटभर वस्तू धरून बसतात. बीमचं काम एकच, नळीच्या मधोमध फिरायचं. जरा भरकटून भिंतीला घासला की संपला. मग संशोधक बोंबलत वर येतात.

दाजींचं काम बीमला मधोमध ठेवण्याचं. मी पुढे त्याच संस्थेत लोकांसाठी माहितीपत्रकं लिहायला लागलो (दाजींच्या वशिल्याने नव्हे; त्यांच्या हातात असतं तर ते त्या नाकाला उभंसुद्धा करते ना), तेव्हा हे काम मला त्यांनीच एकदा घरी बसून समजावून दिलं. नळीवर जागोजागी मॉनिटर बसवलेले असतात. बीम मध्यापासून किती सरकला ते प्रत्येक मॉनिटर सांगतो. शेजारी छोटी चुंबकं असतात, ती बीमला हलकासा धक्का देतात.

"मग ज्या मॉनिटरपाशी वाकडा दिसला तिथेच धक्का द्यायचा. सोपं आहे," मी म्हणालो.

"सोपं असतं तर तुम्हालाच नेमलं असतं," दाजी म्हणाले. "एका जागी धक्का दिला की बीम सगळ्या रिंगभर हलतो. लेकी बोले सुने लागे. इथल्या चुंबकाला बोललं की पलीकडच्या सगळ्या मॉनिटरांना लागतं."

"आणि नळीचा मध्य कुठे आहे हे मॉनिटरला कोण सांगतं?"

या प्रश्नावर दाजी खूश झाले. "शहाणा प्रश्न. बीमला आवळून धरणारी मोठी चुंबकं असतात ना, त्यातलं एक थोडं कमी-जास्त करायचं. बीम हलला तर समजायचं, तो बाजूला आहे. हलला नाही तर मधोमध. मधोमध असणाऱ्याला कुणाची ओढाताण जाणवत नाही."

"म्हणूनच माझं आणि तुमच्या आईचं वाजलं की तुम्ही पेपर वाचत बसता," आतून ताई म्हणाली.

मी रुजू झालो आणि आठवड्याभरात अख्खी संस्था त्यांना दाजी म्हणायला लागली. शिपाई म्हणायचा, संशोधक म्हणायचे, सगळ्यांच्या वरचे साहेबसुद्धा म्हणायचे. "इतक्या लोकांची मी बहीण झाले तरी कधी?" असं ताईने मला खडसावून विचारलं.

कंट्रोल रूममध्ये दाजींची एक खुर्ची होती. तिच्यात दुसरं कुणी बसत नसे, कारण बसलं की दाजी मागे येऊन उभे राहत आणि काही न बोलता नुसता श्वास घेत. समोर पडद्यावर सगळ्या मॉनिटरांच्या रेघा. दाजी हातातली बटणं इतकी हळू फिरवायचे की झोपलेल्या बाळाच्या मुठीतून खुळखुळा काढताहेत असं वाटावं. तोंडाने चालूच. "तू जरा वर ये. शाबास. तू कशाला नाचतोस? बस खाली." एकेक रेघ शून्यावर येऊन बसायची. अपवाद फक्त अकरा नंबरच्या मॉनिटरचा. तो दोन मिलिमीटर वर दाखवायचा, आणि दाजी त्याला तसाच सोडायचे.

"त्याला का नाही रागावत?" मी विचारलं होतं.

"तो लहानपणापासून नाजूक आहे," दाजी म्हणाले होते. मोठ्या कलावंताचा एखादा लाड असतोच, असं समजून सगळे हसून सोडून द्यायचे.

मग सेकंदबाई आल्या. दुसऱ्या एका रिंगवर बरीच वर्षं काम करून आल्या होत्या, आणि कुठल्याही गोष्टीला "एका सेकंदात होईल" म्हणायच्या, म्हणून हे नाव. बीम आपोआप मधोमध ठेवणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला होता. साहेबांनी जाहीर केलं, की हा प्रोग्रॅम चालला तर हाताने बटणं फिरवायचं पद राहणार नाही. दाजींना सुरक्षा विभागात घेतलं जाईल. नाही चालला तर दाजी आहेत तिथेच.

प्रोग्रॅम चालला नाही. तो सगळ्या रेघा शून्यावर आणायचा, अगदी अकरा नंबरसकट, रेघ कशी आखून काढल्यासारखी, आणि पाहता पाहता बीम मरायचा. सेकंदबाई रिंगमध्ये पुन्हा नवा बीम भरायच्या, पुन्हा मरायचा. शेवटी दाजी खुर्चीत बसायचे, चार बटणं फिरवायचे, आणि बीम गुमान फिरायला लागायचा. संशोधक टाळ्या वाजवायचे. "हात आहे की काय!" साहेब म्हणायचे. दाजी मान खाली घालायचे. आम्हाला वाटायचं, विनय.

त्या रविवारी मी ताईकडे जेवायला गेलो. दाजींनी पाण्याचा ग्लास टेबलाच्या अगदी कडेला ठेवला. ताईच्या हातातला डाव तसाच राहिला.

"कुणी गेलं का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग ग्लास असा का ठेवलात?"

दाजींनी ग्लासाकडे पाहिलं, पण सरकवला नाही. मग म्हणाले, "रिंग बांधत होतो ना, तेव्हा माझा पाना नळीमागे पडला. तो काढायला मी अकरा नंबरच्या स्टँडवर पाय दिला. बारीकसं करकरलं. मॉनिटर खाली बसला. दोन मिलिमीटर."

"मग?"

"मग काही नाही. सगळ्या मॉनिटरांचे मध्य तपासायचं काम माझ्याचकडे होतं. बाकीचे तपासले. अकराचं न तपासताच शून्य लिहून दिलं. अकराच्या पुढे नळी चपटी होते, तिथे दोन मिलिमीटर म्हणजे भिंतच. मी हाताने सांभाळून घेत आलो. तिच्या प्रोग्रॅमला बिचाऱ्याला काय माहीत?"

"सांगून टाका की."

"सांगितलं तर तो चालेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी चालेन."

मी भाजीत तोंड घातलं. अशा वेळी मेहुण्याने भाजीतच तोंड घालावं.

ताई म्हणाली, "माझ्या बाबांना तुम्ही भर बैठकीत खुर्चीसकट हलवलंत. तेव्हा नाही घाबरलात?"

"तेव्हा खुर्ची दुसऱ्याची होती," दाजी म्हणाले.

यावर ताई खो खो हसली, आणि हसता हसताच तिने त्यांच्या पानात दुसऱ्यांदा भात वाढला. त्यांनी मागितला नव्हता. मुकाट्याने खाल्ला.

सोमवारी सकाळी कंट्रोल रूममध्ये साहेब होते, सेकंदबाई होत्या, आणि माहितीपत्रकाचं निमित्त काढून मीही होतो. बीम त्या सकाळी तिसऱ्यांदा मेला होता. सेकंदबाईंचे डोळे जागरणाने लाल झाले होते.

"अकराशेजारचं मोठं चुंबक कमी-जास्त करून बघा," दाजी म्हणाले.

"अकराचा मध्य तुम्हीच तपासून दिलात ना?" सेकंदबाई म्हणाल्या.

"बघा तर."

सेकंदबाईंनी थोडासा बीम भरला, अकरा नंबर शून्यावर आणला आणि चुंबक हलवलं. पडद्यावरच्या सगळ्या रेघा साप सोडल्यासारख्या वळवळल्या.

"आता बीम दोन मिलिमीटर वर घ्या. पुन्हा हलवा."

चुंबक हलवलं. एकही रेघ हलली नाही.

"तो मॉनिटर खोटं बोलतोय," दाजी म्हणाले. "माझ्यामुळे. मी त्याच्यावर पाय दिला होता, आणि तपासायचं टाळलं."

साहेब म्हणाले, "कधी?"

"रिंग बांधली तेव्हा."

"दाजी! म्हणजे इतकी वर्षं तुमचा हात, हात म्हणून आम्ही..."

"हो," दाजी म्हणाले. "तो पाय होता."

साहेबांना रागवायचं होतं, पण त्यांचे खांदेच हलायला लागले. एक सेकंदबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या दाजींकडे पाहत राहिल्या. हे सांगून हा माणूस काय गमावतोय, ते त्या खोलीत माझ्याखेरीज त्यांनाच नीट कळलं असावं.

"दोनच मिलिमीटर ना," त्या हळूच म्हणाल्या. "वजा करते. एका सेकंदात होईल."

झालं. प्रोग्रॅम सुरू केला, रेघा बसल्या आणि बीम फिरत राहिला. दुपार झाली, दुपारचा चहा झाला, तरी फिरतच राहिला. दाजी खुर्चीमागे उभे होते. एकदा त्यांचा हात सवयीने बटणाकडे गेला. तो त्यांनी परत घेऊन खिशात घातला.

"छान बसला हो," ते सेकंदबाईंना म्हणाले. "माझ्याहून छान."

"तुमच्याहून थोडा," सेकंदबाई म्हणाल्या.

दाजी पुढच्या महिन्यात सुरक्षा विभागात गेले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. कंट्रोल रूममध्ये त्यांच्या जागी आता प्रिंटर आहे.