काचेची तार

दापोड्याच्या आमच्या गोदामात नेटवर्क बंद पडलं की तो यायचा. नाव कधी विचारलंच नाही. छताजवळच्या स्विच नावाच्या डब्यात बाहेरून काचेची फायबर तार येते आणि तिथून तांब्याच्या तारा सगळ्या कॉम्प्युटरना जातात. शिडीवर चढून तो तांब्याच्या तारा बेधडक उपटायचा. फायबर मात्र साप धरावा तशी, टोक तोंडापासून लांब ठेवून काढायचा.

एकदा मी विचारलं, "हिलाच एवढं का घाबरता?"

"तांब्याची तार चटका तरी देते, साहेब. हिच्यातला उजेड दिसत न्हाय आन् लागला तरी कळत न्हाय. नवा होतो तवा उजेड येतो का बघाया रोज आत डोळा लावायचो."

टोक पुसून त्याने तार परत बसवली. हिरवा दिवा लुकलुकला. मग डोळे तपासायच्या नेहमीच्या सवयीने, शिडीवरूनच, एक डोळा झाकून त्याने फाटकातल्या ट्रकचा नंबर मोठ्याने वाचला. दुसरा डोळा झाकला आणि तो थांबला.

"ट्रक मागं घेतला काय?"

ट्रकचं इंजिनसुद्धा चालू नव्हतं. तो डोळ्यावरचा हात काढेना.