दप्तराच्या अस्तरात

पडदेवाला मुळात संशयी नव्हता. वीस वर्षं त्यानं लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घेतली, पण कुणाच्या उघड्या कपाटाकडे कधी मान वळवली नाही. मात्र बायको नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन बहिणीकडे राहायला गेली, पाठोपाठ घटस्फोटाचा अर्ज आला आणि त्याच्या डोक्यात किडा शिरला: हिचं बाहेर कुणीतरी आहे.

मुलगी दर रविवारी त्याच्याकडे यायची. एका रविवारी ती टीव्हीसमोर बसलेली असताना त्यानं तिच्या दप्तराचं अस्तर उसवलं, काडेपेटीएवढा रेकॉर्डर आत सरकवला आणि पुन्हा शिवून टाकलं. पुढच्या रविवारी सगळं रेकॉर्डिंग फोनवर उतरवून घेतलं.

दुकानात मशीनपाशी बसून तो ऐकू लागला. वर्गातला गोंगाट, बाईंचं शुद्धलेखन, जिन्यातली पावलं. मग बायकोचा आवाज, बहिणीशी बोलताना.

"माणूस वाईट नाही गं. पोरीवर जीव आहे त्याचा. शनिवार-रविवार आणि अर्धी सुट्टी त्याच्याकडे राहू दे, मी वकीलबाईंना तसंच सांगणार आहे."

हे त्यानं दोनदा ऐकलं. तिथंच थांबायला हवं होतं. पण मनात आलं, ही एवढी उदार का झाली? नक्कीच कुठंतरी पाणी मुरतंय. रेकॉर्डर दप्तरातच राहिला. तिसऱ्या आठवड्यात बायकोचं तिच्या वकीलबाईंशी फोनवरचं बोलणं सापडलं, आणि तो ते घेऊन आपल्या वकिलाकडे गेला.

म्हाताऱ्या वकिलानं फोनवर हात ठेवला. "लावू नका. मला यातला एक शब्दही ऐकायचा नाही."

"पण साहेब, पुरावा आहे."

"आहे, तुमच्याच विरुद्ध. जिथं तुम्ही हजर नाही तिथलं बोलणं चोरून टिपणं गुन्हा आहे, नवरा असलात तरी. त्यात तिचं वकिलाशी झालेलं बोलणं. शिवाय वर्गातली पोरं, त्यांच्या बाई. आणि हे सगळं केलंत कुणाच्या पाठीवरून?"

पडदेवाल्यानं फोन आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाला, "पुसून टाकू?"

"ते तर मुळीच नको. पुरावा नष्ट केल्याचं आणखी एक कलम लागेल. रेकॉर्डर काढून आणा. आपण होऊन सांगू."

रविवार अजून तीन दिवस लांब होता. शुक्रवारी दप्तरात शाई सांडली आणि बायकोनं ते धुवायला उलटं केलं. कोर्टात ती एवढंच म्हणाली, "टाका बघितला आणि कळलं. इतकं बारीक दुसरं कोण शिवतं?"

पोलीस दुकानातून फोन घेऊन गेले. कैद टळली, दंड झाला. बायकोनं शनिवार-रविवारची तयारी मागं घेतली. न्यायाधीशांनी महिन्यातून दोनदा एक तास दिला, तोही कोर्टाच्या खोलीत, एका कर्मचारी बाईंच्या देखत.

पहिल्या भेटीत मुलगी बराच वेळ बाकावर पाय हलवत बसली होती.

"बाबा, मी मैत्रिणीला सांगितलेलं तू ऐकलंस?"

"नाही गं. शाळेतलं सगळं मी न ऐकता पुढे पळवलं. मला फक्त आईचं ऐकायचं होतं."

ते खरं होतं. मुलीनं मान हलवली आणि ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. घड्याळात अजून चाळीस मिनिटं उरली होती.