धोंडीरामच्या दुकानातली अमेरिका

पंचवटीत भाजीबाजारातून वर येणाऱ्या रस्त्याला धोंडीरामचं सलून होतं. आठ फूट रुंद, दहा फूट खोल, दोन खुर्च्या आणि एक बाक. दुकान बापाने थाटलेलं. दाढी-कटिंगखेरीज आपल्याला जगात दुसरं काही येत नाही, हे धोंडीराम स्वतःच सांगे. पोरीचं लग्न, बायकोचं ऑपरेशन, घरावरचे पत्रे, सगळं त्या दोन खुर्च्यांनी केलं होतं. दुकान नसेल तर काय, हा विचार त्याच्या डोक्यात कधी शिरलाच नव्हता.

पंच्याण्णव सालच्या निवडणुकीत आळीतल्या एका पुढाऱ्यावरून दोन गिऱ्हाइकांची जुंपली. एकाच्या गालाला साबण, दुसऱ्याच्या मानेला टॉवेल. तशा अवतारात ते एकमेकांवर धावले आणि समोरचा मोठा आरसा फुटला. पुढारी निवडून आला. आरशाची भरपाई करायला मात्र कोणी आलं नाही; नवा आरसा धोंडीरामने पदरमोड करून बसवला.

धोंडीरामने भिंतीवर पाटी लावली, ‘येथे राजकारणावर बोलू नये.’ तेवढ्यावर थांबेल तो धोंडीराम कसला! रोजचं वर्तमानपत्र आलं की गावच्या बातम्यांची पानं तो आधी काढून घेई आणि त्यांचे चौकोनी तुकडे करून वस्तऱ्यावरचा साबण पुसायला ठेवी. गिऱ्हाइकांच्या हाती उरे ते क्रिकेट, शेअरबाजार आणि परदेश. भांडणाचं मूळच आपण कापलं, असं त्याला वाटे.

पण राजकारणाशिवाय सलून म्हणजे बिनमिठाची आमटी. पंधरवड्यात बाक ओस पडला. उरले दोघे. एक सावळीराम, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेला, बायको वारलेली. दुसरा रावजी, मखमलाबादचा, झेंडूची पोती बाजारात टाकून दाढीला येणारा. आठ दिवस दोघे हवामानावर बोलले. नवव्या दिवशी सावळीरामने विचारलं, “धोंडीराम, अमेरिकेचं चालेल का?”

धोंडीरामने विचार केला. अमेरिकेतला कोणी कार्यकर्ता पंचवटीत येऊन आरसा फोडेल, ही शक्यता कमी होती. “चालेल,” तो म्हणाला.

असं ते सुरू झालं. सावळीराम तिकडच्या हत्ती निशाणीवाल्या पक्षाच्या बाजूचा. त्याच नावाच्या आपल्याकडच्या पक्षाला त्याने जन्मभर मत दिलं होतं आणि त्या पक्षाचे किती गट झाले हे मोजायचं त्याने मध्येच सोडून दिलं होतं. अमेरिकेतल्या पक्षाचंही तेच नाव. दोघांचा काडीचा संबंध नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण मरायच्या आधी एकदा तरी न फुटलेल्या पक्षात असावं, असं माणसाला वाटतं. रावजी समोरच्या, गाढव निशाणीवाल्या पक्षाकडे गेला. त्याचं कारण सरळ होतं. “निशाणी म्हणून गाढव घ्यायची ज्याला लाज वाटत नाय, तो मानूस खोटं कशाला बोलंल?” तो म्हणे.

अठ्ठ्याण्णव साली गाढववाल्यांचा अध्यक्ष खोटं बोलताना सापडला. रावजी चार दिवस दाढी वाढवून हिंडला. बाकीचे मात्र अमेरिकेच्या गप्पा ऐकायला दाढी नसतानाही येत. बाक भरला, दारात माणसं उभी राहू लागली. धंदा वाढला तसा धोंडीरामचाही जीव अमेरिकेत गुंतत गेला. दोन हजार साली तिकडे महिनाभर मतं मोजली गेली, तेव्हा त्याला जेवण जाईना. ज्या देशाने चंद्रावर माणूस नेला, तिथे शहाणीसुरती माणसं मतपत्रिकेचं भोक उजेडाला धरून बघत होती. शेवटी कोर्टाने सांगितलं की पुरे. “आपल्याकडे बोटाला शाई तरी लावतात,” धोंडीराम म्हणाला आणि लगेच पाटीकडे बघून गप्प झाला. त्या वर्षी पंचवटीतल्या एका माणसाचा अमेरिकेवरचा विश्वास उडाला. अमेरिकेला ते कळलं नाही.

खरा कडेलोट झाला दोन हजार दोनच्या ऑक्टोबरात. हत्तीवाल्यांच्या अध्यक्षाला इराकवर लढाई करायची होती आणि त्यासाठी तिथल्या सभागृहांची परवानगी हवी होती. आता गाढववाले आडवे येणार, अशी रावजीने पैज लावली होती. ते आले नाहीत. त्यांच्यातल्याही कितीतरी जणांनी लढाईच्या बाजूने मत दिलं. रावजीचा चेहरा बघवेना.

“पटत नव्हतं, तर बोलले का नाही?” धोंडीराम वस्तरा थांबवून ओरडला.

“पुढच्या महिन्यात निवडणूक आहे तिकडे,” सावळीराम म्हणाला. “घाबरले. बोललो तर खुर्ची जाईल म्हणून.”

“खुर्चीसाठी तोंड शिवून बसतात? मग विरोधी पक्ष काय शोभेला ठेवलाय? सगळं दिसतंय, कळतंय आणि मूग गिळून बसायचं! असल्या माणसाला मी माझ्या दुकानात उभा करणार नाही!”

रावजीने तंबाखू मळायला घेतली. धोंडीराम पुढे महिनाभर तेच बोलत राहिला. येईल त्या गिऱ्हाइकाला तो विचारी, विरोध करायचा नव्हता तर निवडून कशाला आले? हत्तीही त्याच्या मनातून उतरला, गाढवही उतरलं. दोघेही एका माळेचे मणी, असा त्याने निकाल दिला.

डिसेंबरात दोन माणसं टेप घेऊन आली. त्यांनी रस्ता मोजला, दुकान मोजलं आणि आत, दुसऱ्या खुर्चीच्या मागच्या भिंतीवर तांबड्या रंगाची उभी रेघ मारली. पुढच्या वर्षी सिंहस्थ होता, रस्ता रुंद व्हायचा होता. दहापैकी सात फूट जाणार होते. उरलेल्या तीन फुटांत गिऱ्हाईक बसलं असतं तर धोंडीराम रस्त्यावर उभा राहिला असता.

तो धापा टाकत पालिकेच्या कचेरीत गेला. तिथला साहेब सभ्य होता. त्याने कागद काढून दाखवले. “ऑक्टोबरात जाहीर नोटीस दिली होती. हरकतीला तीस दिवसांची मुदत. समोरच्या बाजूच्या एकोणीस जणांनी हरकती घेतल्या, त्यांना मार्केटात गाळे मिळाले. तुमची हरकत कुठे आहे?”

“मला माहीतच नव्हतं, साहेब.”

“पेपरात होती की.”

धोंडीरामला गावच्या पानांचे तुकडे करणारी आपली बोटं आठवली. नोटीस त्याच्या हातून गेली होती, साबणासकट. बहुतेक रावजीच्याच दाढीचा असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सावळीराम खुर्चीत होता, रावजी बाकावर. धोंडीरामने साबण लावला, अर्धी दाढी केली आणि मग त्याचा बांध फुटला. आठ वर्षांत गिळलेलं सगळं बाहेर आलं. आळीतला पुढारी, त्याच्या आधीचा पुढारी, त्याचा मेव्हणा, मतं मागायला येताना हात जोडणारे, नंतर काच वर करून जाणारे, कुणाला त्याने सोडलं नाही. मुडद्यांनो, असंही तो म्हणाला. रस्त्यावरची माणसं थांबून ऐकू लागली. वस्तरा हवेत फिरत होता आणि सावळीराम मान ताठ धरून बसला होता.

धोंडीराम दमला तेव्हा रावजी खाली बघत म्हणाला, “नोटीस मी वाचली व्हती. चावडीवर लोकं बोलत व्हते.”

धोंडीराम त्याच्याकडे वळला. “तुला ठाऊक होतं, रावजी?”

“व्हतं.”

“आणि सावळीरामभाऊ, तुम्हाला?”

आरशात सावळीरामचे डोळे भरून आले होते. एका गालावरचा साबण वाळून पांढरा पडला होता. “मी तर घरी कात्रण काढून ठेवलं होतं,” तो म्हणाला. “रोज खिशात घालून यायचो.”

“मग दिलं का नाही?”

“तू म्हणशील, गावचं राजकारण काढलं, आता येऊ नका. गेल्या वर्षी एकाला तू हाकललंस, ते मी पाहिलं होतं. घरात पोरगा-सून टीव्ही बघतात, माझ्याशी दिवसभरात दोन शब्द होत नाहीत. मला बसायला ही एकच जागा होती रे. ती जाईल म्हणून घाबरलो.”

बाहेरून भाजीची हातगाडी गेली. रावजी उठून दारात जाऊन उभा राहिला. धोंडीरामला खूप काही बोलायचं होतं. महिनाभर तो जे अमेरिकेला बोलला होता, तेच सगळं तोंडाशी आलं होतं. पण समोर आरशात एक म्हातारा माणूस रडत होता, आणि आता त्याची जागाही गेली होती, धोंडीरामचीही.

त्याने ब्रश पाण्यात बुडवला, वाळलेल्या गालाला पुन्हा साबण लावला आणि राहिलेली अर्धी दाढी पूर्ण केली.